वरचं पाणी

“पण बाई, जिवाणू कुणी शोधला?”

“तू.”

“मग शोधनिबंधावर पहिलं नाव तस्लीमचं कसं?”

इंगळीकर बाई काचपट्ट्या पुसत होत्या. एक पुसून झाली, उजेडाकडे धरून पाहिली, पुन्हा पुसली.

“सापडलं तिला,” त्या म्हणाल्या.

सुकुमार मगदूम उभाच होता. बाईंनी खुर्ची दाखवली तरी बसला नाही. खाली बसलं की माणसाचा राग निम्मा होतो, आणि त्याला तो पुरता हवा होता.

ही प्रयोगशाळा सांगलीकडच्या एका कॉलेजातली, बाई तिच्या प्रमुख. गावाचं सांडपाणी जिथं नदीला मिळतं, तिथला चिखल सुकुमारने पाच वर्षांपूर्वी बरणीत भरून आणला. गावाला ताप आला की गाव पॅरासिटामॉलच्या गोळ्या खातं, आणि खाल्लेल्यातलं थोडंफार शेवटी नाल्यातच येतं. त्या चिखलातून सुकुमारने हे औषध खाऊन जगणारा एक जिवाणू हुडकला. काम मोठंच होतं. बाईंनी तेव्हा स्वतः पेढे वाटले होते.

प्रश्न उरला होता तो पुढचा. औषध मोडल्यावर त्याचा जो अर्धवट तुकडा तयार होतो, तो जातो कुठे? सुकुमार तो जिवाणूच्या पोटात शोधत होता. रोजचा क्रम ठरलेला. जिवाणूंचं पाणी यंत्रात गरगर फिरवायचं, जिवाणू तळाला बसले की वरचं पाणी सिंकमध्ये ओतायचं, आणि तळाचा गाळ फोडून त्यात बघायचं. त्याला त्याच्या सरांनी असंच शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या सरांनी. सुकुमारने पाच वर्षं गाळ फोडला. हाती काही लागलं नाही.

तस्लीम मुजावर त्याच्यानंतर तीन वर्षांनी आली. आल्या आल्या तिनं विचारलं होतं, “दादा, हे वरचं पाणी ठेवलं की तांबूस पडतंय. कशानं पडत असेल?”

“ओतून टाक सिंकमध्ये. मग नाही पडायचं.”

सगळे हसले. तीही हसली. मग म्हणाली, “टाकणारच आहात, तर मी घेऊ?”

“घे की. बादलीभर घे.”

तुकडा त्याच पाण्यात होता. जिवाणू तो पोटात ठेवतच नव्हता, तयार झाला की बाहेर फेकत होता. कुठून फेकतो, तेही तस्लीमनं शोधून काढलं. जिवाणूच्या आवरणात एक प्रथिन बसलेलं होतं. त्याचं काम पंपाचं, आतलं उचलायचं आणि बाहेर टाकायचं.

तेव्हापासून सुकुमारला चैन नव्हती. खोटं कशाला बोला, तो जळत होता. तस्लीमचं हसणं, वहीतलं तिचं गोल अक्षर, जेवताना आपल्या डब्यातलं सगळ्यांना वाढणं, सगळंच त्याला खुपायला लागलं. कुणी तिचं कौतुक केलं की याच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं गोळी घेऊन थांबणारं नव्हतं.

“आयत्या बिळावर नागोबा आहे ती,” तो आता बाईंना म्हणाला.

“बीळ तुझं?”

“जिवाणू माझा. गाळ माझा. पाणीसुद्धा माझंच.”

“ते तर तू दिलंस.”

“टाकाऊ म्हणून दिलं.”

“मग टाकाऊ तिचं झालं.”

बाई वाद घालत नसत, हीच त्यांच्याशी भांडण्यातली अडचण होती.

“तिचा निबंध अजून छापलेला नाही,” तो म्हणाला. “पंप आहे, कबूल. पण तो नसला तर जिवाणूचं काय अडतं? हे तिनं कुठं दाखवलंय? संपादकांनीही तेच विचारलंय. शनिवारपर्यंत उत्तर गेलं नाही तर निबंध परत येणार.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तिनंच. मलाच विचारत होती, दादा, काय करू म्हणून.”

“तू काय सांगितलंस?”

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“तिकडं कोपऱ्यातल्या शेकरवर महिनाभर दोन फ्लास्क हलताहेत. वर कुणाचं नाव नाही. पण तोंडाला कापसाचा बोळा दुहेरी गुंडाळून लावणारा इथं एकच माणूस आहे. काय वाढवतोस त्यात?”

ताकाला जाऊन भांडं लपवायलाही मर्यादा असते. सुकुमार खुर्चीत बसला.

“पंप काढून टाकला,” तो म्हणाला.

“कशाचा?”

“माझ्या जिवाणूचा. पंपाचं जनुकच तोडलं. म्हटलं, फेकायचं बंद झालं की सगळं त्याचं त्यालाच राहील. दुप्पट वाढेल. मग तिचा पंप बिनकामाचा ठरेल.”

“मग?”

सुकुमारने मान वळवून कोपऱ्यातल्या शेकरकडे पाहिलं.

“आण जा.”

तो गेला आणि दोन फ्लास्क घेऊन आला. बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत अन्न एकच, औषध तेवढंच. एकात पंप असलेला जिवाणू, एकात पंप काढलेला. पहिल्यातलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं होतं, म्हणजे जिवाणू मजेत वाढला होता. दुसऱ्यातलं नितळ होतं, आत्ता नळाखाली भरल्यासारखं.

“औषध नसताना?” बाईंनी विचारलं.

“औषध नसलं तर दोघंही सारखेच वाढतात. घातलं की हा दुसऱ्या दिवशी थांबतो. तिसऱ्या दिवशी मरतो.”

“कशानं?”

सुकुमारने नितळ फ्लास्ककडे पाहिलं नाही. तो खिडकीकडे बघत बोलला.

“औषध तो मोडतो, बाई. पण मोडलेला तुकडा विषारी आहे. बाहेर पडायला वाट नाही, आतच साठत जातो. पाच वर्षं मी जे पोटात शोधत होतो ना, ते ह्याच्या पोटात सापडलं. भरपूर सापडलं.”

“किती वेळा करून बघितलंस?”

“सात.”

“तीनदा पुरतं.”

“दर खेपेला वाटायचं, या वेळी जगेल.”

बाईंच्या ओठांवर हसू आलंसं वाटलं, पण त्या हसल्या नाहीत.

“पहिल्यांदा मेला त्याला किती दिवस झाले?”

“एकोणीस.”

“तस्लीमला ठाऊक आहे?”

त्यानं मान हलवली. नाही.

शेजारच्या खोलीत तस्लीम कुणाला तरी यंत्र धुवायची रीत समजावून सांगत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, मोकळा. एकोणीस दिवस ती वाचनालयात बसून जुने अंक चाळत होती, पंपाचं उत्तर शोधत होती. ते उत्तर सुकुमारच्या शेकरवर हलत होतं. रोज तिच्या समोरून तो जायचा. रोज ती “दादा, चहा?” म्हणायची. त्याला लाज वाटत नव्हती असं नाही. पण लाजेपेक्षा मत्सराचं वजन जास्त भरलं. निबंध परत येऊ दे, मग आपण नवा लिहू, पंपासकट सगळा, आणि वर आपलं नाव… इतक्या लांबचा हिशेब त्यानं मनाशी करून ठेवला होता.

“आज शुक्रवार,” बाई म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“मग?”

सुकुमारचा आवाज एकदम उतरला. भांडायला आलेला माणूस आता आईसमोर बसल्यासारखा बोलायला लागला.

“हे तिला दिलं की तिचा निबंध पक्का होतो. पहिलं नाव तिचंच राहतं. माझं मागं. बाई, गुडघाभर चिखलात मी उतरलो. पाच वर्षं दिवाळीला घरी गेलो नाही. लोक मला विचारतात, अजून झाली नाही का रे तुझी पीएचडी? आणि ती दोन वर्षांत… माझ्याच पाण्यातनं… तुम्ही म्हणाल तिनं कष्ट केले. केले असतील. मला ते बघवत नाही. खरंच बघवत नाही.”

“बरं.”

“तुम्ही रागवा तरी.”

“कशाला?”

पलीकडच्या खोलीत तस्लीम हसली. सुकुमारने डोळे मिटून घेतले.

“एवढं एकच माझ्याजवळ उरलंय, बाई,” तो म्हणाला. “तेही देऊन टाकलं, तर मला काय राहणार?”

बाईंनी गढूळ फ्लास्क बाजूला केला. नितळ फ्लास्क एका बोटानं ढकलत ढकलत त्याच्यासमोर आणला.

“ह्याला सगळं राहिलंय,” त्या म्हणाल्या. “विचार त्याला.”