आंबेशेतचा दवाखाना

"...पण बुवा, सगळ्यात वर दिसायला लागल्यावर आणखी शिकायचं काय उरतं?"

धैर्यशीलने हे विचारलं तेव्हा निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

बुवा पूर्वी पुण्यात वेबसाइट बनवायचे. मठाची जबाबदारी अंगावर आली, तसे ते आंबेशेतच्या टेकडीवर येऊन राहिले. भगवी वस्त्रं नेसली तरी हातातलं कसब काही विसरले नाहीत. रविवारी दुपारी आम्हा नवख्यांना ते ओसरीवर साइट बनवायला शिकवत. पान कसं मांडायचं, त्याला नाव काय द्यायचं, लोक गुगलवर काय शोधतात, आपलं पान त्यांना कसं सापडतं... हे सगळं.

माझी साइट मावशीच्या पापडांची होती. ती कुठेच दिसत नव्हती. धैर्यशीलची दिसत होती, आणि ती दिसते हे तो आम्हाला घडीभरही विसरू देत नव्हता. मला त्याचा राग यायचा. खरं तर हेवा वाटायचा.

त्याने सोनदऱ्याच्या डॉक्टर मुल्लांच्या दवाखान्याची साइट केली होती. आमच्या डोंगरपट्ट्यात साप चावलेल्या माणसावर कुठल्याही वेळी इलाज होणारा तो एकच दवाखाना. सोनदरे आंबेशेतहून घाट उतरून खाली.

"काय केलंस ते सांग," बुवा म्हणाले.

धैर्यशील याचीच वाट बघत होता.

"लोक आपापल्या गावाचं नाव टाकून शोधतात, बुवा. म्हणून मी प्रत्येक गावासाठी वेगळं पान केलं. आंबेशेतमधील सर्पदंश उपचार. खडकओहोळमधील सर्पदंश उपचार. मजकूर तोच ठेवला, गावाचं नाव तेवढं बदललं. आता डोंगरातल्या कुठल्याही गावातून शोधा, सगळ्यात वर मीच."

"तू?"

"म्हणजे... दवाखाना."

बुवांनी अडकित्ता बाजूला ठेवला. उजवा पाय पुढे केला.

"मला साप चावलाय. आंबेशेतातच आहे मी. ने मला दवाखान्यात."

धैर्यशील हसला. आम्हीही हसलो. बुवा हसले नाहीत. ते उठले आणि पायऱ्यांकडे निघाले.

"बुवा, साप चावल्यावर चालायचं नसतं. विष लवकर भिनतं. मी पानावर लिहिलंय तसं."

"बरं केलंस. मग उचल."

धैर्यशीलने आमच्याकडे पाहिलं. शेवटी तो खाली वाकला.

बुवा काही लहानखुरे नव्हते. त्यांना पाठुंगळी घेऊन तो पायऱ्या उतरू लागला, तेव्हा दुसऱ्याच वळणावर त्याला धाप लागली. मी त्याचा फोन घेऊन मागून चाललो होतो.

"वाच," बुवा पाठीवरून मला म्हणाले. "रस्ता सांग."

मी पान उघडलं.

"आंबेशेतमधील सर्पदंश उपचारांसाठी आंबेशेतमधील विश्वासार्ह रुग्णालय. आंबेशेतमध्ये सर्पदंश झाल्यास आंबेशेतमधील आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे..."

"रस्ता."

मी खाली सरकत गेलो. डॉक्टरांचं शिक्षण आलं, सापांच्या जाती आल्या, रुग्णांनी केलेलं कौतुक आलं. सोनदऱ्याचं नाव अगदी तळाशी होतं, बारीक अक्षरात.

"पत्ता सोनदऱ्याचा आहे, बुवा," मी म्हणालो.

"ते तुला माहीत आहे म्हणून दिसलं. मी परगावचा आहे. पाय सुजलाय, डोळे मिटायला लागलेत. मी पहिली ओळ वाचून थांबलो. चल, गावात शोधू."

धैर्यशील मुकाट्याने चालत राहिला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. दूध डेअरी मागे पडली, देऊळ मागे पडलं, शाळा मागे पडली. आंबेशेत केवढं ते. बघता बघता संपलं.

शेवटच्या घरात पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्या शेवंताकाकूंनी बुवांना कुणाच्या तरी पाठीवर पाहिलं आणि पिठाच्या हातांनीच त्या बाहेर आल्या.

"काय झालं बुवांस्नी?"

"साप चावलाय असं धरा," बुवा म्हणाले. "दवाखाना कुठं आहे इथं?"

काकूंचा चेहरा उतरला.

"असली चेष्टा नगा करू, बुवा. हितं कुठला आलाय दवाखाना... गुरुवारी एक गडी असाच इचारत आला हुता."

"कोण गडी?" धैर्यशीलने विचारलं.

"वळखीचा न्हवता. वर ठेक्यावर कामाला आल्याली मानसं. बायकूला जीपमदी मागं निजवलं हुतं. मोबाइल म्होरं धरून सगळं गाव पालथं घातलं त्यानं. मी म्हनलं, बाबा, हितं दवाखाना न्हाई, खाली सोनदऱ्याला जा. तर मलाच मोबाइल दावतोय. हितंच हाय असं लिवलंय म्हने. माझं ऐकंना. पुन्यांदा देवळाकडं गेला, पुन्यांदा शाळंकडं... तिच्या पापन्या मिटाय लागल्या हुत्या. डोळं उघडं ठिवाय बघत हुती, पर ऱ्हाईनात."

"मग?"

"मंग काय. शेवटाला गेली जीप खाली. म्होरलं मला न्हाई ठावं."

धैर्यशील तसाच उभा राहिला. बुवा पाठीवर आहेत हेही त्याच्या ध्यानात नसावं.

"उतरव मला," बुवा हलकेच म्हणाले.

बुवांना हे आधीच कळलं होतं का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

धैर्यशीलने माझ्या हातातून फोन घेतला. डॉक्टर मुल्लांचा नंबर लावला. इतके दिवस मला त्याची जिरावी असं वाटत होतं. आता ती जिरली होती, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"बोला, धैर्यशीलराव," डॉक्टरांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"डॉक्टर... गुरुवारी जीपमधून एक बाई आली होती. साप चावलेली."

"हो. मण्यार चावली होती."

"ती..."

"वाचली. आज सकाळी श्वासाचं मशीन काढलं. आता स्वतःहून श्वास घेतेय. पण थोडक्यात वाचली हो. घाट उतरून तासाभरात पोचायला हवी होती, ती कितीतरी उशिरा आली. नवऱ्याला वाटेत कुणीतरी चुकीचा पत्ता सांगितला म्हणे. असली माणसं असतात बघा."

गिरणी चालू होती. काकूंनी आत जाऊन ती बंद केली.

"डॉक्टर, तो मीच," धैर्यशील म्हणाला. "तुमच्या साइटवर... मीच लिहिलं होतं."



"संध्याकाळी या इकडे," डॉक्टर म्हणाले. "तिचा नवरा इथंच आहे. त्याला भेटा."

फोन बंद झाला. तो बाजूला ठेवून धैर्यशील गिरणीच्या कट्ट्यावर बसला. बुवा त्याच्या शेजारी बसले. धैर्यशीलने तोंड पुसलं.

"जातो मी संध्याकाळी. पण त्याआधी साइट बंद करून टाकतो, बुवा. आत्ताच्या आत्ता."

"आणि उद्या या गावात कुणाला साप चावला तर?"

धैर्यशीलने मान वर केली.

"तो फोनवर काय बघेल?"

"मग गावांची पानं तेवढी काढतो. सोनदऱ्याचं ठेवतो."

"आंबेशेतचा माणूस आंबेशेतच शोधणार. तूच म्हणालास."

धैर्यशील बुवांकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तो लपवत नव्हता.

"मग आंबेशेतच्या पानावर मी लिहू तरी काय, बुवा?"

बुवांनी फोन उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

"लिही... आंबेशेतात दवाखाना नाही."