पिस्टनवरची कणीक

एकदा एका घाटाखालच्या गावात एक वृद्ध मिस्त्री राहत होता. हमरस्त्याला लागून त्याचे गॅरेज होते, आणि थकलेल्या इंजिनाला नवा दम देण्यात त्याचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. त्याच्या हाताखाली एक तरुण शिष्य शिकत होता. शिष्य हुशार होता, कष्टाळूही होता. खोड एकच. जे कळले नाही ते तो विचारीत नसे. त्याचा अर्थ स्वतःच लावी, आणि तो अर्थ बहुधा वाईट निघे.

गावाबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. तिथे दरवर्षी मोटारींची शर्यत भरे. दोन गाड्या शेजारी उभ्या राहत, निशाण पडले की सुटत, आणि पाव मैलात निकाल लागे. यंदा शिष्यही उतरणार होता, वडिलांची जुनी गाडी घेऊन. एरवी हीच गाडी पहाटे झेंडूचे करंडे भरून घाट चढायची आणि बाजार गाठायची. सारे घर तिच्यावर चालत होते.

एका व्यापाऱ्याचा मुलगाही त्याच शर्यतीसाठी आपली गाडी मिस्त्रीकडे तयार करून घेत होता. दोन्ही इंजिनांना नवा कॅमशाफ्ट बसवायचा होता. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला एक दांडा. तो फिरला की त्याच्या अंगावरचे उंचवटे एकेक व्हॉल्व्ह उघडतात आणि इंजिन श्वास घेते. उंचवटा जितका मोठा, तितका व्हॉल्व्ह अधिक उघडतो. मिस्त्रीने व्यापाऱ्याच्या मुलाला चांगला दांडगा कॅमशाफ्ट काढून दिला, आणि शिष्याच्या हातावर बेताचा ठेवला.

"मला हा का, मिस्त्री?"

"तुझ्या गाडीला हाच," एवढे बोलून मिस्त्री पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली शिरला.

झाले! शिष्याच्या डोक्यात भुंगा शिरला. आदल्याच आठवड्यात तो व्यापारी येऊन मिस्त्रीला निंबाखाली घेऊन गेला होता. बराच वेळ हलक्या आवाजात बोलत होता आणि जाताना मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत धरून उभा होता. तेव्हा शिष्याला त्यात काही वाटले नव्हते. आता सगळेच वाटू लागले. मिस्त्री त्या गाडीचे काम स्वतः का करतो? त्या मुलाशी हसून का बोलतो? त्याला चहा आधी का मिळतो? आता पाहुण्याला चहा आधी मिळायचाच, पण संशयी माणसाला हे कोणी सांगावे?

मिस्त्री एका लग्नाला परगावी गेला तो दिवस शिष्याने साधला. फळीवर दुसरा एक दांडगा कॅमशाफ्ट होता. त्याने तो आपल्या इंजिनात चढवला, सगळे बोल्ट आवळले आणि बेताचा दांडा फडक्यात गुंडाळून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. सवयीने त्याने शिष्याच्या इंजिनाला पाना लावून ते हाताने थोडेसे फिरवले आणि ते जड लागले तसा थांबला. रागावला नाही.

"किल्ली लावलीस का हिला?"

"नाही अजून."

"लावू नकोस. हेड उतरव. आणि घरून मळलेल्या कणकेचा गोळा आण."

कणीक? शिष्य मनात म्हणाला, चोरी कळली असणार. मग हा उतारा कसला? शर्यतीआधी इंजिनात काही घालून ते कायमचे बिघडवायचा तर डाव नाही? तरी तो गेला आणि आईच्या परातीतून गोळा घेऊन आला.

हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उतरले तसे मिस्त्रीने आत वरखाली होणाऱ्या पिस्टनच्या माथ्यावर कणीक थापली. व्हॉल्व्हना तेलाचे बोट लावले, हेड पुन्हा बसवायला लावले आणि पान्याने इंजिन सावकाश फिरवले. मग हेड पुन्हा काढायला लावले. कणकेत व्हॉल्व्हचा गोल ठसा उमटला होता, आणि त्या ठशात कणीक उरलीच नव्हती म्हटले तरी चालेल. खालचे लोखंड दिसत होते.

"चपातीएवढी जाड तरी उरायला हवी होती," मिस्त्री म्हणाला. "आत्ता हाताने फिरवलं म्हणून व्हॉल्व्ह नुसता चाटून गेला. धावपट्टीवर वेगात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळला असता, आणि इंजिनाचा चुरा झाला असता. सोमवारी फुलं कशानं नेली असतीस? त्या पोराच्या पिस्टनला मी व्हॉल्व्हपुरत्या खाचा पाडल्यात, स्प्रिंगा कडक घातल्यात. त्याची गाडी ट्रकवर चढून येते आणि ट्रकवर चढून जाते. तुझीला करंड्यांसकट घाट चढायचाय. असला दांडा चढावर, कमी वेगात दम टाकतो. गाडीला दिवसभर काय करायचंय ते बघून दांडा निवडावा. शेजाऱ्याकडं बघून नव्हे."

शिष्याची मान खाली गेली. पण आतला भुंगा अजून शमला नव्हता, आणि या वेळी त्याने तो बाहेर काढला.

"मिस्त्री, ते शेठजी निंबाखाली तुम्हाला काय सांगत होते?"

"हे त्याच दिवशी विचारायचंस की रे!" मिस्त्रीच्या आवाजात प्रथमच दुखावलेपण आले. "ते म्हणत होते, पोराला न कळवता लहान दांडा घाला, म्हणजे गाडी फार पळायची नाही. मी हात जोडून नाही म्हटलं. फसवून लहान दिला, तर पोरगं एक दिवस चोरून मोठा चढवणार. आणि तिथं कणीक लावायला मी नसणार."

शिष्याने फडके सोडले आणि बेताचा दांडा पुसायला घेतला. आपण कोणावर संशय घेतला, या विचाराने त्याला रडू आले, आणि त्याने ते लपवले नाही.

रविवारच्या शर्यतीत शिष्य आपली पहिलीच धाव हरला. गाडी कडेला लावून तो गर्दीत उभा राहिला. शेजारी तो व्यापारी होता. मुलाच्या गाडीसमोर निशाण पडले तसे त्याने डोळे घट्ट मिटून घेतले, आणि इंजिनांचा आवाज पार थांबेपर्यंत उघडले नाहीत.

"पोचला का रे नीट?" मिटल्या डोळ्यांनीच त्याने विचारले.

"पोचला, शेठजी," शिष्य म्हणाला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.