मोरांखालची भिंत

ही गोष्ट त्या जुन्या काळातली, जेव्हा लोक पायी प्रवास करत आणि कुठलं गाव वाट वाकडी करून पाहावं, हे समोरून येणाऱ्या वाटसरूला विचारून ठरवत.

घाटाच्या पायथ्याशी, नदीकाठच्या उंचवट्यावर एक गाव होतं. भोवती दगडी तट, वेशीला जाड सागवानी दरवाजा. खायला-प्यायला तिथे विशेष काही मिळत नसे. हवाही बेताचीच. तरी लांबलांबून माणसं त्या गावी येत, ती तिथला चित्रमंडप पाहायला.

मंडपाच्या चारही भिंतींवर गावाची हकीकत रंगवलेली होती. पहिल्या भिंतीवर रान तोडून वस्ती करणारी माणसं. दुसरीवर विहीर खणताना लागलेलं पाणी आणि त्या पाण्यात नाचणारी पोरं. तिसरीवर बाजार, लग्नाची वरात, कुस्त्यांचा फड. फडाच्या कडेला एक म्हातारा पैलवानांकडे पाठ करून निवांत भाकरी खात बसला होता. त्याला पाहून प्रत्येक पाहुण्याला हसू यायचं.

चौथी भिंत बाहेर पडायच्या दाराजवळ होती. तिच्यावर पूर होता.

कधीकाळी नदीला महापूर आला, तेव्हा खालच्या वस्त्यांमधली माणसं पोरंबाळं घेऊन या गावाच्या वेशीशी आली होती. गावकऱ्यांना वाटलं, एवढ्यांना आत घेतलं तर कोठारातलं धान्य आपल्यालाच पुरायचं नाही. त्यांनी दरवाजा उघडला नाही. पाणी चढत चढत वेशीपर्यंत आलं. ते ओसरल्यावर दरवाजा उघडला, तेव्हा बाहेर कोणीच नव्हतं.

चित्रात ते सगळं होतं. बाहेरून दरवाजावर टेकलेले हात. आतून अडसराला खांदे लावून उभे राहिलेले गावकरी. आणि दोन्हीकडच्या माणसांचे डोळे सारखेच भ्यालेले.

पाहुण्यांना मंडप दाखवायचं काम सगुणाआजी करायची. तीन भिंतींपाशी ती भरभरून बोलायची, कोण कुणाचा आजा, कुणाच्या लग्नात काय घोटाळा झाला, सगळं सांगायची. चौथ्या भिंतीपाशी आली की म्हणायची, "हे आम्ही केलं." एवढं बोलून ती बाजूला उभी राहायची. पाहुणेही मग काही विचारत नसत. बराच वेळ थांबत, आणि खाली मान घालून बाहेर पडत.

पुढे त्या गावाला एक नवा कारभारी मिळाला. माणूस कष्टाळू होता, गावाचं भलं चिंतणारा होता. त्याने वाटा दुरुस्त केल्या, धर्मशाळेवर नवी कौलं घातली. पण एक गोष्ट त्याला खुपायची. नदीपलीकडच्या गावात आमराई होती, झोपाळे होते, उसाचा रस होता. तिथे गेलेली माणसं हसत परतायची. आणि आपल्या मंडपातून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे मात्र उतरलेले.

अशात घाटावरच्या मोठ्या नगरीची राणी या गावी येणार असल्याचा निरोप आला. तिला चित्रमंडप पाहायचा होता.

कारभाऱ्याने चितारी भिवाला बोलावलं. भिवाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मंडपाची चित्रं राखत आलं होतं.

"भिवा, चौथी भिंत झाकून टाक. तिथे बाग काढ. कारंजं काढ. मोर काढ, चांगले पिसारा फुलवलेले."

भिवा गडबडला. "कारभारी, ती भिंत गावानंच काढून घेतलीय. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी."

"त्यांच्या काळात राणी येत नव्हती," कारभारी म्हणाला. "घरात पाहुणा आला की आपण त्याला केर दाखवतो का? तिथे जुना गिलावा आहे, त्याला छिन्नीने टाचे मार, नवा गिलावा दे, म्हणजे नीट धरेल."

गावात थोडी कुजबुज झाली. पण खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना आतून बरंच वाटलं. भिवाने चौथ्या भिंतीवर चुना फासला आणि त्यावर मोर काढले. मोर सुंदर होते, यात शंका नाही. हिरव्या-निळ्या रंगांनी मंडप उजळून गेला.

ठरल्या दिवशी राणीचा मेणा वेशीत आला. राणी वयाने फार नव्हती, पण तिचा चेहरा बरेच दिवस झोप न लागलेल्या माणसासारखा ओढलेला होता. बरोबर तिचे प्रधान होते. पाय धुऊन, पाणी पिऊन ती थेट मंडपात गेली.

सगुणाआजीने पहिली भिंत दाखवली, दुसरी दाखवली, तिसरी दाखवली. भाकरी खाणाऱ्या म्हाताऱ्यापाशी राणी किंचित हसली. मग ती चौथ्या भिंतीसमोर आली आणि थांबली.

"हे मोर?"

"आवडले ना राणीसाहेब?" कारभारी पुढे झाला.

"छान आहेत," राणी म्हणाली. "पण इथे पुराचं चित्र होतं ना? बंद वेशीचं?"

कारभाऱ्याच्या कपाळाला घाम फुटला. सगुणाआजीने त्याच्याकडे पाहिलं. बाकीचे गावकरी जमिनीकडे पाहू लागले.

"छे, राणीसाहेब," कारभारी म्हणाला. "लोक काहीबाही उठवतात. असं काही या गावात घडलंच नाही."

राणी पुन्हा मोरांकडे वळली. मग हळू आवाजात, जणू स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागली.

"माझी दाई तिच्या लहानपणी या गावी येऊन गेली होती. त्या भिंतीबद्दल ती मला सांगायची. आज माझ्या नगरीबाहेर दुष्काळातून आलेली माणसं झाडांखाली बसली आहेत. आत घ्यावं तर धान्य पुरेल की नाही, सांगता येत नाही. प्रधान म्हणतात, दरवाजे लावून घ्या. म्हणतात, वेस बंद केल्याचा पश्चात्ताप आजवर कुठल्या गावाला झालेला नाही. मी म्हटलं, एक गाव आहे. त्यांना झाला. त्यांनी तो भिंतीवर काढून ठेवलाय. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन आणि मग ठरवीन."

ती प्रधानांकडे वळली. "तुमचंच खरं निघालं. चला."

राणीने कारभाऱ्याने पुढे केलेला नारळ घेतला, गावाला नमस्कार केला आणि ती मेण्यात बसली. मेणा घाटाच्या दिशेने निघून गेला.

संध्याकाळी कारभारी एकटाच मंडपात आला. सगुणाआजी पायरीवर बसली होती.

"आजी, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही गप्प का राहिलात?"

"गावच्या कारभाऱ्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं?" आजी म्हणाली. मग म्हणाली, "आणि खरं सांगू का? मला क्षणभर बरंही वाटलं होतं."

"बरं? कशाचं?"

"अडसराला खांदा लावलेली ती हिरव्या लुगड्यातली बाई आठवते तुम्हाला? ती माझी पणजी. रोज परक्यांना ती भिंत दाखवायची म्हणजे रोज तिला उभं करायचं. तुम्ही चुना फासलात तेव्हा वाटलं, सुटली बिचारी."

कारभारी तिच्या शेजारी बसला.

"पण राणीचं बोलणं ऐकलं," आजी पुढे म्हणाली, "आणि आपलं काय चुकलं ते कळलं. तिच्या नगरीत आता दुसऱ्या कुणाची तरी पणजी अडसराला खांदा लावायला निघाली असेल. तिला थांबवायला माझी पणजी तिथे भिंतीवर उभी होती, कारभारी. आपण तिलाच झाकलं."

कारभारी उठला. घरी न जाता तो भिवाकडे गेला.

"भिवा, ते मोर निघतील का? की खालचं सगळं गेलं?"

भिवा म्हणाला, "तुम्ही टाचे मारायला सांगितलं होतं, पण माझा हात उचलला गेला नाही. वर नुसता चुना दिलाय. ओल्या फडक्याने निघेल. थोडं खरवडावं लागेल. काही चेहरे जातील, त्याला इलाज नाही."

"उजाडताच सुरुवात कर," कारभारी म्हणाला. "गावातल्या सगळ्यांना हाताशी घे. मी येतो."

पहाटेच त्याने घोडी काढली. घाटाची चढण संपता संपता, एका वडाखाली राणीचा मुक्काम त्याला दिसला. पहारेकऱ्यांनी अडवलं, पण राणीने त्याला ओळखलं आणि जवळ बोलावलं.

"राणीसाहेब, मी काल खोटं बोललो," तो धापा टाकत म्हणाला. "ती भिंत आहे. त्या मोरांखाली आहे. मी झाकली."

"का झाकलीत?"

"लाज वाटली. पाहुण्यांनी गावाचं चांगलं तेवढं पाहावं, असं वाटलं."

प्रधान पुढे सरसावले. "राणीसाहेब, काल एक बोलणारा आज दुसरं बोलतो. अशा माणसाच्या शब्दावर आता परत फिरायचं? आधीच उशीर झालाय."

राणीने कारभाऱ्याच्या धुळीने माखलेल्या पायांकडे पाहिलं. "काल बोलताना यांचा फायदा होता," ती म्हणाली. "आज यांचा काय फायदा आहे, मला दिसत नाही. मेणा फिरवा."

ते परतले तेव्हा मंडपात गाव लोटलं होतं. बायका ओल्या फडक्यांनी भिंत पुसत होत्या, भिवा बांबूच्या कामटीने जपून चुना खरवडत होता. मोर जवळजवळ गेले होते. एका कोपऱ्यात पिसाऱ्याचे चार निळे डोळे तेवढे उरले होते. खालून दरवाजा वर आला होता. हात वर आले होते. काही चेहरे भिवा म्हणाला तसे कायमचे पुसले गेले होते. हिरव्या लुगड्यातली बाई मात्र होती तशी उभी होती.

राणी समोर येऊन थांबली. लोक बाजूला झाले.

सगुणाआजी पुढे आली. "हे आम्ही केलं," ती म्हणाली. आणि नेहमीप्रमाणे बाजूला उभी राहिली.

राणीने दरवाजावर टेकलेले हात एकेक करून पाहिले. मग तिने विचारलं, "आजी, नंतर काय झालं? धान्य पुरलं का गावाला?"

असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

"पुरलं, राणीसाहेब. उरलंसुद्धा. पण ते खाताना घराघरांत कोणी कोणाशी बोलत नसे. माझी पणजी सांगायची, पुढे कित्येक वर्षं या गावात मोठ्याने हसलेलं कोणी ऐकलं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की जे झालं ते भिंतीवर काढायचं. चित्र पुरं झालं त्या दिवशी माणसं पहिल्यांदा एकमेकांशी धड बोलली."

राणीने प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी मान खाली घातली.

त्याच दिवशी राणीने पुढे स्वार धाडला. ती नगरीत पोहोचायच्या आधीच दरवाजे उघडले होते. तो काळ सोपा गेला नाही. राजवाड्यातही एक वेळ पेज आणि एक वेळ भाकरी असा स्वयंपाक होत असे. पण धान्य पुरवून पुरवून पुरलं. दुष्काळ सरला, आणि झाडांखाली बसलेली माणसं आपापल्या गावी परत गेली.

जाताना त्यांतले पुष्कळजण वाट वाकडी करून घाटाखालच्या त्या गावी उतरले. आपल्यासाठी नगरीचे दरवाजे एका भिंतीने उघडले, असं त्यांनी ऐकलं होतं. ती भिंत त्यांना पाहायची होती.

पहिल्या दिवशी कारभारी स्वतः दाराशी उभा होता. त्याला धाकधूक वाटत होती. नगरीच्या वेशीबाहेर बसलेली ही माणसं बंद वेशीचं चित्र पाहून काय म्हणतील?

त्यांच्यात एक तरुण बाई होती, कडेवर मूल. दरवाजावर टेकलेल्या हातांपाशी ती बराच वेळ उभी राहिली. मग कारभाऱ्याकडे वळून तिने विचारलं, "दादा, हे चित्र ज्यांनी काढून घेतलं, ती माणसं यात कुठं आहेत?"

कारभाऱ्याने अडसराला खांदे लावलेल्या माणसांकडे बोट दाखवलं. "हीच ती."

बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. हिरव्या लुगड्यातल्या त्या बाईकडे तिने निरखून पाहिलं, आणि एक हात कपाळाला लावून तिला नमस्कार केला.

सगुणाआजीने पदर डोळ्यांना लावला. कारभारी दारातून बाजूला झाला, मागच्या माणसांना आत येता यावं म्हणून.

बोध: ज्या गावाने आपल्या कलेत आपला इतिहास खरेपणाने जपला आहे, ते गाव वाट वाकडी करून पाहण्याजोगं असतं.