निरोपाला जागा

“फकिराच्या फोनमध्ये एवढं कशाला साठवलंय, बाबा?”

शर्वाणीने विचारलं आणि तिला वाटलं, आवाज जरा चढलाच.

शमसूबाबा रागावले नाहीत. दर्ग्याच्या पायरीवर बसून ते फोनच्या काचेवर अंगठा घासत राहिले. काच उजळायची, थिजायची, पुन्हा काळी व्हायची.

“मी कुठं साठवलं? लोकांनी ठेवलंय.”

“मग काढून टाका.”

“लोकांचं?”



शर्वाणी परदेशात शिकून आली होती. तिकडच्या शेवटच्या वर्षात तिने एकेक गोष्ट सोडायला घेतली होती. आधी कपडे, मग पुस्तकं, मग नोकरी. परत आली तेव्हा तिच्याजवळ एकच पिशवी होती. टेकडीवरच्या पिराजवळ एक म्हातारा फकीर राहतो, अंगावरची कफनी सोडली तर त्याचं स्वतःचं काही नाही, असं तिने ऐकलं आणि ती चढून वर आली. तेव्हापासून ती रोज येत होती, अंगण झाडत होती, आणि रोज एकच मागत होती.

“मला शिष्या करून घ्या, बाबा. माझ्याकडे सोडण्यासारखं काही उरलं नाही. फोनसुद्धा रिकामा करून घरी ठेवलाय.”

“पार रिकामा?”

“एक फोटो नाही त्यात.”

“कुणाचाच?”

“कुणाचाच.”

बाबा तेव्हा नुसते ‘बरं’ म्हणाले होते.

आणि आज त्याच फकिराचा फोन इतका भरला होता की त्याला हलता येत नव्हतं.

खालच्या पायरीवर सुभद्राबाई बसल्या होत्या. सकाळीच वर आल्या होत्या. त्यांच्या नातवाच्या, सोपानच्या, हृदयाला छिद्र होतं. आज शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ते बुजवायचं होतं. तिथे दोघांनाच थांबू देतात, म्हणून मुलगा आणि सून गेले. सुभद्राबाईंकडे फोन नाही. ‘झालं की बाबांच्या फोनवर कळवतो,’ असं मुलगा मुंजाजी सांगून गेला होता.

दुपार कलली होती.

मघाशी फोन एकदा वाजला होता. बाबांनी हिरवं बटण ओढलं... ओढत राहिले... काच थिजली, आणि वाजणं थांबलं.

“मुंजाच असंल,” सुभद्राबाई म्हणाल्या.

परत लावायला गेलं तर आकडेच उमटेनात.

“पोरी, तुजा फोन आन की.”

“घरी आहे, आजी.”

“घरी? बाई गं... फोन कुनी घरी ठिवतं का?”

शर्वाणीने खाली पाहिलं. उतरून, एसटी पकडून, घरी जाऊन परत यायचं म्हणजे दिवस बुडाला असता.

“द्या इकडे, बाबा.”

“तुला येतं?”

“यातलंच तर शिकलेय.”

तिने फोन बंद करून पुन्हा सुरू केला. तो जागा व्हायलाही आढेवेढे घेत होता. मग नको ती ॲप काढायला घेतली.

“बाबा, तुम्ही पत्ते खेळता?”

“मी नाही. तो इथं आला तेव्हापासून आत एकटाच खेळतोय.”

खेळ गेले. त्यानंतर एक ॲप निघालं, झाडूचं चित्र असलेलं. दिवसरात्र आतल्या आत चालू होतं आणि सगळ्यांत जास्त तेच खात होतं.

“हे कुणी घातलं?”

“एका भल्या माणसानं. फोन साफ राहावा म्हणून.”

“साफ करणाराच वाटेत बसलाय, बाबा.”

“आमच्या ग्रामपंचायतीत बी तसंच हाय,” सुभद्राबाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत. त्यांची नजर फोनवरून हलत नव्हती.

शर्वाणीने कॅशेतली अडगळ पुसली. बोट फिरवलं तशी काच फिरू लागली. तिने आधी मुंजाजीला फोन लावला, पण त्याचा बंद लागत होता. आणि वरची पट्टी लालच होती. तिने ती मोठ्याने वाचली. ‘स्टोरेज भरले आहे. नवीन मेसेज येऊ शकत नाहीत.’

आता फोटोच उरले होते.

तिने ते उघडले.

तापाने मलूल झालेलं मूल. खिडकीच्या उजेडात धरलेला एक्स-रे. परीक्षेचं हॉलतिकीट. कोरडी बोअर आणि तिच्या तोंडावर ठेवलेला दगड. आटलेली म्हैस. पासपोर्टचं पहिलं पान. कुलूप लावलेलं एक दार... नुसतंच दार.

“हे काय आहे, बाबा?”

“धागे.”

त्यांनी हनुवटीनेच दर्ग्याच्या जाळीकडे खूण केली. जाळी दगडी होती, पण दगड दिसत नव्हता. लाल, हिरवे, पिवळे धागे एकावर एक गच्च बांधलेले. नवस बोलायचा आणि धागा बांधायचा.

“ज्यांना चढवत नाही, ते फोटो पाठवतात. रोज संध्याकाळी एकेक बघतो. नाव ठाऊक नसलं तर तोंड बघतो... आणि मागतो.”

“सगळ्यांसाठी?”

“मग?”

शर्वाणीने फोटो मागे मागे सारले. ते संपेनात.

“यातले कितीतरी आता बरे झाले असतील.”

“असतील.”

“मग त्यांचे काढते.”

“कोण बरं झालं ते तुला कळलंय?”

“नाही. तुम्हाला?”

“मलाही नाही. बरा झालेला माणूस फोन करत नाही, बेटी. बरंच आहे ते.”

“पण बाबा, जाळीवरचे धागे सुटतातच ना कधीतरी?”

“ज्याचं काम होतं तो येऊन सोडतो.”

“आपला धागा सापडतो त्याला?”

“शोधत बसत नाही कुणी. हाताला येईल तो सोडायचा.”

“म्हणजे दुसऱ्याचाच.”

“दुसऱ्याचाच. पण काम झालेल्या माणसानं. मी आजवर एक धागा सोडला नाही. काम व्हायच्या आधी इथं कुणीच सोडत नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी फोनकडे बघत म्हटलं. शर्वाणीला ते कळलं. तिचं बोट थांबलं.

उन्हं पायरीवरून खाली सरकली. सुभद्राबाई सरकल्या नाहीत.

“मिळंल का गं जागा?” त्यांनी विचारलं.

शर्वाणीने कोणी किती जागा घेतली ते पाहिलं. फोटो लहान लहान होते. मोठे होते ते व्हिडिओ. आणि व्हिडिओ सगळे एकाच नंबरवरून आलेले. ती ते बघत राहिली.

“काय झालं?”

“आजी... सगळ्यांत जास्त जागा तुमच्या सोपाननं घेतलीय.”

“घरी बी तसंच. खाटंवर एकटाच पसरतो.”

आणि आता त्या हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, आणि पदर तिथेच राहिला.

शर्वाणीने एक व्हिडिओ लावला. ओठांना निळसर झाक असलेला मुलगा बाबांना सलाम करत होता, मधेच दम खात होता. दुसऱ्यात तो गाणं म्हणत होता. तिसऱ्यात नुसता झोपला होता. मुंजाजीने तोही पाठवला होता. झोपेत छाती कशी उडते ते बाबांना दिसावं म्हणून.

“त्येच काढ,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“काय?”

“माज्या नातवाचं. समदं काढ.”

शर्वाणीने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या कपाळावर आठी आली होती.

“बाई, अजून निरोप आला नाही. त्याचं काम व्हायचंय.”

“ठावं हाय.”

“आणि धागा आधीच सोडता?”

“बाबा...” सुभद्राबाई म्हणाल्या, “निरोप यायला जागा कुठाय?”



जाळीच्या आतून अगरबत्तीचा धूर बाहेर येऊ बघत होता. धाग्यांना अडून तो आतच फिरत होता. बाबा बराच वेळ तिकडे बघत राहिले.

मग त्यांनी शर्वाणीच्या हातातून फोन घेतला, दोन पायऱ्या उतरले, आणि तो सुभद्राबाईंच्या हातावर ठेवला.

“तुमचा धागा आहे. तुम्हीच सोडा.”

“मला कुठं येतं?”

“ही दाखवेल.”

शर्वाणी त्यांच्याशेजारी बसली. त्यांचं बोट धरून तिने एकेका व्हिडिओवर टेकवलं. सलाम. गाणं. झोप. प्रत्येकावर खूण उमटली. मग बोट कचरापेटीच्या चित्रावर नेलं.

व्हिडिओ गेले.

पट्टी लालच राहिली.

“का गं?”

“गेले नाहीत अजून. आधी कचरापेटीत जातात. महिनाभर तिथंच पडून राहतात... वाटलं तर परत घेता यावेत म्हणून. तिथूनही काढले तर जागा होईल.”

“मग काढ की.”

शर्वाणीने पेटी उघडली. फोनने विचारलं.

“काय म्हनतोय त्यो?”

“कायमचं काढायचं का, असं विचारतोय.”

सुभद्राबाईंचं बोट काचेच्या वर थांबलं.

शर्वाणीला वाटलं, आपण हात मागे घ्यावा. घरच्या फोनमधला शेवटचा फोटो काढताना तिला काहीच वाटलं नव्हतं. ते तिला तेव्हा मोठं वाटलं होतं.

“आजी, थांबू या का?”

“फोटू कायमचा जातोय,” सुभद्राबाई स्वतःशीच म्हणाल्या. “लेकरू न्हाई.”

आणि त्यांनी बोट टेकवलं.

पट्टी लालची निळी झाली.

...

काहीच झालं नाही.

बाबा उभेच होते. खाली माळावर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

मग फोन एकदा थरथरला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना. काचेवर निरोप एकामागून एक उतरू लागले, दार उघडल्यावर बाहेर ताटकळलेली माणसं आत यावीत तसे.

“मुंजाचा हाय का? मुंजाचा बघ.”

शर्वाणीने नाव शोधलं. सापडलं. आवाजाचा मेसेज होता. तिने फोन सुभद्राबाईंच्या कानाजवळ धरला, पण आवाज सगळ्यांनाच ऐकू गेला.

“आई, झालं. चांगलं झालं. छाती फाडावी लागली न्हाई, तारंनंच बुजवलं. जागा झालाय. डॉक्टरनं पानी पाजलं तर म्हनतो, आज्जीची आंबील पायजे... मघाशी फोन लावला व्हता गं, उचलला का न्हाई? रडू नको आता.”

सुभद्राबाई रडत नव्हत्या. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता, आणि त्या त्याला सांगत होत्या, “न्हाई रडत. कोन रडतंय? तू जेवलास का?”

“आजी, तो मेसेज आहे. त्याला ऐकू जात नाही.”

“जाऊ दे. माजं बोलून व्हऊ दे.”

त्यापाठोपाठ फोटो आला. हाताला सुई, डोळे अर्धवट उघडे. ओठ गुलाबी. सुभद्राबाईंनी ओठांवरून दोन बोटं फिरवली. फोटो मोठा झाला. त्या दचकल्या, आणि मग मुद्दाम पुन्हा फिरवली.

“बाबा,” शर्वाणी म्हणाली. “बाकीचे मेसेज... वाचू का?”

“वाच.”

“‘बाबा, बोअरला पाणी लागलं.’ ... ‘बाबा, ताप उतरला, शाळेत गेली.’ ... ‘बाबा, म्हैस व्याली, खरवस घेऊन येतो.’ ... हा त्या बंद दाराचा. ‘बाबा, तो परत आला. दार उघडलं.’”

बाबा हळूच पायरीवर बसले.

“कधीचे आहेत?”

“जुने आहेत. बाहेरच अडकले होते.”

“म्हणजे विसरले नव्हते...”

“कोन इसरतंय?” सुभद्राबाई म्हणाल्या. “तुमचंच दार बंद व्हतं, बाबा.”

बाबांनी कफनीच्या टोकाने डोळे पुसले आणि मोठ्याने हसले. असं हसताना शर्वाणीने त्यांना पाहिलं नव्हतं.

“खरं आहे, बाई. खरं आहे.”

मग ते शर्वाणीला म्हणाले, “ज्यांचं झालं, त्यांचे काढ. एकेकाचं तोंड बघून काढ.”

ती काढू लागली. कोरडी बोअर. आटलेली म्हैस. तापातलं मूल. काढण्याआधी ती प्रत्येक फोटो नीट बघत होती. याआधी तिने तसं कधी केलं नव्हतं.

सुभद्राबाई उठल्या. जाळीपाशी गेल्या. हाताला आला तो एक हिरवा धागा धरला. गाठ घट्ट होती, त्यांनी दातांनी सैल केली.

“तुमचाच आहे का, आजी?”

“माजा लाल व्हता.”

त्यांनी धागा सोडला, जाळीला डोकं टेकलं आणि चपला शोधू लागल्या.

“दिवस हाय तंवर उतरते. आंबील भिजवायचीय.”

“ते अजून दवाखान्यात आहेत, आजी.”

“मग? येनार न्हाईत का?”

त्या उतरून गेल्या. बराच वेळ त्यांचं एकटीचंच बोलणं खालून ऐकू येत होतं.

जाळीत जिथे धागा सुटला होता, तिथे बोटभर दगड दिसत होता. तिथून थोडासा धूर बाहेर येत होता.

शर्वाणीने फोन बाबांपुढे धरला. काच लगेच उजळली.

“हलका झाला, बाबा.”

“झाला.”

“आता तरी मला शिकवाल?”

“काय?”

“रिकामं कसं व्हायचं ते.”

तेवढ्यात फोन थरथरला. नवा फोटो होता. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली कुणीतरी मुलगी, आणि खाली नुसतं ‘बाबा’. तो बघेपर्यंत दुसरा आला. मग तिसरा.

बाबांनी फोन घेतला, मुलीचं तोंड नीट पाहिलं आणि डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले,

“उद्या येताना तुझा फोन घेऊन ये. त्यात जागा आहे.”