औषध सांगेन, माणसं नाही

पूर्वी शोणतट नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका वैद्याच्या घरी जन्म घेतला होता. मोठा होऊन तोही वैद्य झाला. कोड फुटलेली माणसे लपतछपत त्याच्याकडे येत. त्या काळी कोड दिसले की सून माहेरी धाडली जाई, कारागिराचे काम सुटे. पुष्कळांना त्याच्या लेपाने गुण येई.

पुढे राजकन्येच्याच मानेवर पांढरा डाग उमटला. राजवैद्य सोमिल म्हणाला, "महाराज, नगरातल्या त्या वैद्याचा लेप कुणाला मानवला आणि कुणाला बाधला, हे त्यांच्या अंगावर पाहिल्याशिवाय राजकन्येला कसा लावू? ते कळलं तर ग्रंथही होईल, हजारोंचं भलं होईल."

राजाने बोधिसत्त्वाला बोलावून रोग्यांची नावे विचारली.

"महाराज, औषध सांगेन. माणसं सांगणार नाही."

"प्रजा माझी आहे."

"असेल. पण शरीर ज्याचं त्याचं. त्यांनी ते बरं होण्यासाठी मला दाखवलं. दुसऱ्या कामासाठी हवं, तर त्यांना विचारू द्या. काम चांगलं आहे, पुष्कळजण हो म्हणतील."

"राजाने विचारत बसायचं?" राजा संतापला. बोधिसत्त्वाला बंदिवासात टाकले. तेथेही रोज तोच प्रश्न आला आणि रोज तेच उत्तर गेले.

ही गोष्ट नंदुत्तरा नावाच्या विणकरणीच्या कानी गेली. ती भरसभेत आली आणि तिने बाही वर केली. दंडावर डाग होता.

"हे मी माझ्या मर्जीने दाखवते आहे," ती म्हणाली. "वैद्य बोलले असते, तर उद्या आमच्यातली एकही त्यांच्या दारात गेली नसती. मग ग्रंथ कुणावर लिहिला असता, महाराज?"

राजाने बोधिसत्त्वाला सोडले. बोधिसत्त्वाने आपल्या एकेका रोग्याला एकांतात गाठून विचारले. बरेचजण तयार झाले. जे नको म्हणाले, त्यांना त्याने पुन्हा विचारले नाही. ग्रंथात कुणाचेही नाव आले नाही. राजकन्येलाही हळूहळू गुण आला.

राजा आनंदाने म्हणाला, "तिचीही हकिकत लिही!"

"तिला विचारलंत?"

राजा आत गेला. परत येऊन म्हणाला, "नको म्हणते."

बोधिसत्त्वाने लेखणी खाली ठेवली.

एका भिक्खूने सोबत्याचा आजार त्याला न विचारता उपदेशाचे उदाहरण म्हणून सभेत सांगितला आणि एका भिक्खुणीने त्याला तिथेच जाब विचारला, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "तेव्हाचा राजा हाच भिक्खू. नंदुत्तरा म्हणजे आज त्याला सभेत जाब विचारणारी भिक्खुणी. वैद्य मीच होतो. आपल्यावर टाकलेला विश्वास कुणाच्याही धाकाने न मोडणे, ही अधिष्ठान पारमिता, म्हणजे दृढ निश्चयाची परिपूर्णता."