अंड्यात वाढलेला विषाणू

"मग माझी उभी हयात फुकट गेली म्हणायची का, सर?"

डॉ. जनार्दन हुद्दार उंबऱ्यातूनच कडाडले. पायातले बूट काढायचंही भान नव्हतं.

भोरमधल्या त्या लहानशा घरात निर्मळकर सर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. अंगावर घोंगडी, डोळे लाल. विषाणूशास्त्रातले त्यांचे शिष्य देशभर पसरलेले. त्यांतले सगळ्यांत नावाजलेले हुद्दार, आणि ही गोष्ट हुद्दारांइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

"बस," सर म्हणाले आणि खोकले.

हुद्दारांनी खुर्ची जरा मागे ओढली आणि नाकाला रुमाल लावला. जन्मभर फ्लूवर संशोधन केलेल्या माणसाला फ्लूची धास्ती अंमळ जास्तच असते.

"ती रुक्साना मुजावर. माझीच विद्यार्थिनी! लशीसाठी कोंबडीच्या अंड्याला भोक पाडून आत विषाणू वाढायला सोडायचा कसा, ते मी शिकवलं तिला. आणि ती उद्या लस ठरवणाऱ्या समितीपुढे सांगणार, की फ्लूच्या लशीतला माझा विषाणू बदला!"

"का म्हणे?"

"म्हणे, लस घेतलेल्यांचं रक्त माझ्या विषाणूला बरोबर ओळखतं. पण यंदा लोकांच्या घशात जो आहे, त्याला ओळखत नाही."

"असं का व्हावं?"

हुद्दारांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. हाच प्रश्न त्यांना नको होता.

"म्हणे, अंड्यामागून अंड्यात वाढून वाढून तो आता अंड्याचाच झालाय. माणसाचा राहिलेला नाही. हे मला सांगते! अहो, अंड्यात इतका सुरेख वाढणारा विषाणू आहे का दुसऱ्या कुणाकडे?"

"नाही," सर म्हणाले. "तुझा फारच सुरेख वाढतो."

हुद्दारांना बरं वाटलं. ते खुर्चीत पुढे सरकले.

"समितीचे अध्यक्ष तुमचे विद्यार्थी. तुमचा एक फोन गेला, की तिचं तोंड बंद होईल. गुरूवर उलटणाऱ्यांना वेळीच चाप लावायला हवा, सर."

सरांनी घोंगडी छातीशी ओढून घेतली.

"यंदा लस घेऊनही किती माणसं अंथरुणाला खिळली, जनार्दना? किती गेली?"

"ते बघायला आरोग्य खातं आहे!"

या उत्तरावर एखाद्याने खुर्ची उचलून फेकली असती. सरांची नुसती मूठ वळली आणि सुटली.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि मोठा 'आ' केला.

"काय झालं, सर?"

सर बोलेनात. 'आ' तसाच.

हुद्दारांना उमगलं, आणि त्यांचे कान तापले. सरांच्या प्रयोगशाळेचा एक जुना दंडक होता. फ्लूवर काम करणाऱ्याच्या झोळीत कापसाची काडी आणि नळी कायम हवी. शिंकणारा भेटला, की घशातला नमुना घ्यायचाच, मग तो बसमध्ये असो की पंगतीत. खुद्द हुद्दारांनी स्वतःच्या लग्नात, मंगलाष्टकं आटोपताच, खोकणाऱ्या भटजींना मांडवाच्या कडेला नेऊन 'आ' करायला लावला होता. सासरे आठवडाभर बोलले नव्हते.

हुद्दारांनी खिसे चाचपले. एका खिशात पेन निघालं, दुसऱ्यात गाडीची किल्ली.

"माझ्याकडे... ती कामं आता मुलं करतात, सर."

सरांनी तोंड मिटलं.

"तुम्हाला ताप आहे?" हुद्दारांनी आत्ता कुठे विचारलं.

"आहे. सकाळी रुक्साना येऊन गेली."

हुद्दार ताडकन उठले. "बघा! माझ्याआधी येऊन कान भरून गेली! म्हणजे तिलाही तुमचा फोन हवा होता!"

"नाही. काल मीच तिला दुसऱ्या कामासाठी फोन केला होता. तिने माझा खोकला ऐकला, म्हणून आली."

"आणि माझ्याविरुद्ध काय काय ओकली?"

"आ करा, म्हणाली."

"मग?"

"मी केला. तिने नमुना घेतला, पेज करून ठेवली आणि गेली. तुझा विषयही निघाला नाही."

शिव्या ऐकायला मिळाल्या असत्या, तर हुद्दारांना सोसलं असतं. आपला विषयच निघाला नाही, हे त्यांना काही केल्या गिळवेना.

"ते राहू द्या!" त्यांनी टेबलावरचा फोन उचलून सरांपुढे धरला. धरताना हात लांबवला, पण स्वतः पुढे आले नाहीत. दुसऱ्या हाताने रुमाल नाकाशी घट्ट. "मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. समितीला सांगणार आहात की नाही, की माझ्यात काही खोट नाही?"

सरांनी फोनकडे पाहिलं नाही. त्या लांबवलेल्या हाताकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, मग चकचकीत बुटांकडे. त्यांचे डोळे भरून आले. तापाने आले, की रागाने, की मायेने, ते हुद्दारांना कळलं नाही.

"खोट कसली..." सर म्हणाले. "तूही काय सुरेख वाढलास रे, जनार्दना."