तरसाचे देखणे चित्र

सागाच्या एका जंगलात एक तरस राहत असे. पुढून उंच, मागून बसका, पाठीला उतार आणि मानेवरचे केस केरसुणीसारखे उभे. आपण देखणे नाही हे त्याला ठाऊक होते. पण मुलांनो, नुसते ठाऊक असणे वेगळे आणि तेच रूप चित्रात काढून जांभळाच्या झाडावर सगळ्यांसमोर टांगलेले असणे वेगळे.

त्याचे असे होते. भर उन्हाळ्यात त्या जंगलात एकच तळे उरे. परक्या कळपांनी येऊन ते आटवू नये म्हणून तळ्याच्या वाटेवर एक म्हातारा गवा पहारा करी. गवा नियमाचा पक्का, पण चेहरे काही त्याच्या लक्षात राहत नसत. म्हणून जंगलात राहणाऱ्या प्रत्येकाचे चित्र वाटेवरच्या जांभळाला टांगलेले असे, आणि चित्राशी तोंड जुळले तरच गवा बाजूला सरके. ही चित्रे दर चैत्रात नव्याने काढायचा रिवाज होता. साळिंदरबाई ज्याला त्याला दिवसभर समोर बसवत, आपल्याच अंगाचा काटा काजळीत बुडवत आणि सागाच्या पानावर जसे दिसेल तसे काढत. रानडुकराने एकदा, "बाई, सुळा तेवढा सरळ काढा," म्हणून विनवले, तर त्या म्हणाल्या, "आधी सरळ करून ये, मग काढते."

यंदा मात्र चैत्र लागला आणि कोल्ह्याने पर्यटकांच्या तंबूतून एक पेटी पळवून आणली. "हिच्यात कृत्रिम बुद्धी आहे," तो सगळ्यांना सांगत सुटला. "जगातली झाडून सगळी चित्रे हिने पाहिली आहेत. हवे ते बोला, की चित्र छापून बाहेर."

तरसाने घसा खाकरून विचारले, "किती वेळ बसावे लागेल?"

"बसायचे कशाला? तू आला नसतास तरी चालले असते," कोल्हा म्हणाला आणि पेटीशी बोलला, "एक तरस. देखणा."

तरसाची जांभई पुरी व्हायच्या आत कागद बाहेर आला. पाणीदार डोळे, ताठ पाठ, मानेवर रेशमी आयाळ. तरसाला आनंदाने रडूच आले. त्याने त्याच दिवशी जांभळावरचे आपले जुने पान उतरवून ओढ्यात सोडून दिले आणि तिथे कागद टांगला. ते बघून कोल्ह्याकडे रानडुक्कर आले, अस्वल आले, घोरपडही आली. साळिंदरबाईंच्या दारात चिटपाखरू फिरकेना.

वैशाखात ओढा आटला. तरस ऐटीत तळ्यावर गेला. गव्याने चित्र पाहिले, तरसाला पाहिले, पुन्हा चित्र पाहिले.

"हा कोण?"

"मी."

"तू तो नाहीस," गवा म्हणाला. "आणि खरे सांगू का, हा एकच प्राणी इथे नऊ ठिकाणी टांगलाय. सकाळपासून एकाने स्वतःला अस्वल म्हणवले, एकीने घोरपड. मी कुणालाच सोडले नाही."

तरसाने वर पाहिले तर खरेच. सगळ्या कागदांवर तेच पाणीदार डोळे, तीच ताठ पाठ. घोरपडीलासुद्धा रेशमी आयाळ होती.

"काका, ते चित्र माझेच आहे हो," तरस काकुळतीला आला.

"असेल. ज्याचे आहे त्याला पाठव, त्याला पाणी देतो."

दोन दिवस सगळे जण जिभा बाहेर काढून वाटेवर पडून राहिले. पाणी वीस पावलांवर दिसत होते आणि प्यायला मिळत नव्हते. कोल्ह्याचीही तीच गत. त्याने पेटी पुढ्यात ओढून म्हटले, "एक कोल्हा. तहानलेला." पेटीने झऱ्याकाठी मजेत बसलेला एक गुटगुटीत कोल्हा छापून दिला.

तिसऱ्या दिवशी तरस पाय ओढत साळिंदरबाईंकडे गेला. मान वर करायचीही त्याला लाज वाटत होती. "बाई, चुकलो," तो म्हणाला.

"चुकलास ते चुकलास. बैस आता, आणि उजेडाकडे तोंड कर."

त्या काटा बुडवत आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "गेल्या वर्षीपेक्षा वाळलास रे. आणि हा ओठ कधी फुटला?" आजवर इतके निरखून तरसाकडे दुसऱ्या कोणी पाहिलेच नव्हते, आणि तेवढ्या तहानेतही त्याला ते बरे वाटले. उन्हे कलताना पान पुढे आले. त्यावर उतरती पाठ होती, उभे केस होते, फुटलेला ओठही होता. "ओठ तेवढा..." असे तरसाच्या तोंडापर्यंत आले होते, पण त्याने ते गिळून टाकले.

गव्याने पानाकडे आणि तरसाकडे एकदाच पाहिले.

"अरे, तू होय," तो म्हणाला आणि बाजूला सरकला. "मला वाटले, यंदा तू आलाच नाहीस. जा, पोटभर पी."

तरस पाण्याकडे धावला. तिकडे साळिंदरबाईंच्या दारात रांग लागली होती, आणि पहिला नंबर आपलाच म्हणून कोल्हा अस्वलाशी भांडत होता.

तात्पर्य : आपल्याकडे न बघता काढलेले चित्र कितीही देखणे असले, तरी ते आपले नसते; जो आपल्याला नीट बघतो, त्यालाच आपले चित्र जमते.